भिजलेलें घोंगडें

पुण्यामुंबईच्या सभा-समित्यांत एखादा ठराव वर्षानुवर्षें निकालावांचून पडून राहिला, म्हणजे त्याचें ‘भिजत घोंगडें’ झालें असें म्हणण्याचा प्रघात आहे. हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडीं नेहमीं असतो, त्यांतल्या फार थोड्यांनीं भिजलेलें घोंगडें प्रत्यक्ष उचलून पाहिलें असेल. अडीच-तीन किलो वजनाचें तें जाडेंभरडें वस्त्र पावसांत चिंब झालें कीं दुपटीनें जड होतें. दांडीवर टाकलें तर रात्रभर ठिबकत राहतें. आणि भाद्रपदांतल्या ढगाळ हवेंत तर तें लौकर सुकेल ही आशाच सोडावी लागते. वाक्प्रचार घडविणारानें घोंगड्याचा हा दोष बरोबर हेरला. मात्र ज्याच्या अंगावर तें भिजलें तो माणूस आंत ऊबदार होता, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू भाषेंत उतरावयाची राहून गेली. घोंगडें सुकविण्याची अडचण घरांतल्या माणसाला दिसते. त्याचा आधार रानांत उभ्या असलेल्यालाच कळतो, आणि वाक्प्रचार बहुधा घरांतल्यांचे टिकतात.

भिजूनही ऊब न सोडणाऱ्या वस्त्राचें नांव आज काढलें, तर समुद्रांत बुडी मारणाऱ्यांचा काळा रबरी पोशाख डोळ्यांपुढें येतो. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हौशी प्रवासी तो चढवून पाण्यांत उतरतात. तो ज्या निओप्रीन नांवाच्या कृत्रिम रबराचा असतो, त्याची जाडी किती, शिवण कशी, किती हंगामांनीं तो पातळ पडतो, उन्हांत वाळविल्यानें त्याला चिरा जातात कीं काय, याची चर्चा त्याचे वापरणारे मोठ्या बारकाईनें करतात. शब्द वेगळे असतील. पण अगदीं हीच चर्चा अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेवगांवसारख्या बाजारपेठांत, रबराचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें तेव्हांपासून, घोंगड्यावरून होत आली आहे. घोंगड्याचा इतिहास म्हणजे पुष्कळसा या पारखीचा इतिहास होय.

शेवगांव हें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचें ठिकाण. उत्तरेस गोदावरी व तिच्या पलीकडे पैठण, पश्चिमेस नेवासें, दक्षिणेस पाथर्डीचा डोंगराळ मुलूख. इंग्रजी अमदानींत हा पाथर्डीचा मुलूखही शेवगांव तालुक्यांतच मोडत असे. सह्याद्रीनें पावसाचा बहुतेक भार आपल्या अंगावर घेतल्यावर जें कांहीं उरतें, तें या बाजूला पोंचतें. वर्षाला सुमारें पांचसहाशे मिलिमीटर, आणि तेंही मनास येईल तेव्हां. अशा अवर्षणाच्या प्रदेशांत पावसाळी वस्त्राची एवढी मातब्बरी कां वाढावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. कोंकणांत पाऊस पांचसहापट दिसतो, पण तेथें घोंगड्याचें एवढें प्रस्थ नाहीं. तेथला शेतकरी बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें डोक्यावर घेऊन, कमरेंत वांकून भात लावतो. इरलें पाणी ओघळून लावतें, अंगाला चिकटत नाहीं, आणि कोंकणांतला पाऊस बेताच्या गारव्याचा असल्यामुळें तेवढ्यानें भागतें.

दख्खनच्या उघड्या माळावरची परिस्थिति निराळी आहे. येथें वारा सुटला म्हणजे इरलें हातांत राहत नाहीं. आडोशाला झाड नाहीं, आणि असलें तरी शेंदोनशें मेंढरें सोडून धनगराला त्याच्याखालीं जातां येत नाहीं. हस्ताचा पाऊस गारांसकट येतो, तासाभरांत ओढ्यांना पूर आणतो, आणि मागें जो गार वारा सोडतो त्यानें ओलें अंग काकडून निघतें. पुढें मार्गशीर्ष-पौषांत ज्वारीची राखण करणाराला, किंवा रात्रीं गव्हाच्या पाटाला दारें धरणाराला, गुडघ्यापर्यंत ओल आणि वर दहा-बारा अंशांची थंडी असा दुहेरी मार असतो. म्हणून या मुलखाला पाणी अडविणारें वस्त्र नको होतें. पाणी शिरल्यावरही निभावून नेणारें वस्त्र हवें होतें. हा भेद बारीक दिसतो, पण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

हें वस्त्र पुरविणारा प्राणी म्हणजे दख्खनी मेंढी. अंगानें काटक, रंगानें बहुधा काळी किंवा काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणाची, पंधरा-वीस कोस चालून खुरट्या गवतावर जगणारी. तिची लोकर वर्षांतून दोनदां कातरतात, आणि दोन्ही कातरण्या मिळून ती पुरती एक किलोही भरत नाहीं. एका घोंगड्याला पांच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते, असा हिशेब त्यावरून बसतो. ही लोकर जाड असते. मेरिनो मेंढीच्या तंतूची जाडी वीस मायक्रॉनच्या आसपास, तर दख्खनीची त्याच्या दुपटीच्या घरांत. त्यांत केसासारखे राठ तंतूही मिसळलेले असतात आणि त्यांतल्या पुष्कळांचा गाभा पोकळ असतो. विलायती कापडाच्या व्यापाऱ्याला या लोकरीचा उपयोग गालिच्यापलीकडे दिसला नाहीं, यांत नवल नाहीं.

आणि तरीही ओल्या अंगाच्या दृष्टीनें पाहिलें तर या लोकरीचे गुण विलक्षण आहेत. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. हा बाहेरचा थर थेंबांना सहजासहजीं आंत घेत नाहीं. पाण्याची वाफ मात्र आंतल्या गाभ्यांत शिरते, आणि तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही हाताला ओला लागत नाहीं. ओल शोषतांना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो, ही गोष्ट तर प्रयोगशाळेंत मोजून झाली आहे. शिवाय तंतूला अंगची मुरड असते. त्यामुळें दोन तंतूंच्या मध्यें हवा कोंडून राहते. पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें; तेव्हां कापूस भिजला, त्याचे धागे एकमेकांस चिकटले, मधली हवा निघून गेली, कीं अंगाची ऊब पाण्याच्या वाटेनें पसार होते. लोकरीचा राठ तंतू भिजला तरी ताठ राहतो, आणि कांहीं हवा धरून ठेवतो. मेंढीच्या अंगचा स्निग्धांश, ज्याला रसायनशास्त्रज्ञ लॅनोलिन म्हणतात, तोही साध्या थंड पाण्यानें धुतलेल्या लोकरींत थोडाबहुत शिल्लक असतो. नव्या घोंगड्याला येणारा मेंढराचा वास शहरांतल्या माणसाला खपत नाहीं. जाणतें गिऱ्हाईक तो मुद्दाम हुंगून पाहतें.

लोकर कातरणें धनगराकडे, पिंजणें व कातणें बव्हंशीं त्याच्या घरच्या बायकांकडे, आणि विणणें सणगरांकडे, अशी या धंद्याची जुनी वांटणी होती. कांहीं ठिकाणीं धनगरच विणीत. सणगराचा माग जमिनींतला. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसे. ताण्याचें सूत मागावर चढविण्यापूर्वीं सकाळच्या उन्हांत घरासमोर लांबवर ताणून त्याला खळ देत, आणि ही खळ चिंचोक्याची असे. चिंचोके भाजून, त्यांचीं टरफलें काढून, भिजवून, वाटून, शिजवून ती करावयाची व कुंच्यानें सुतावर सारखी बसवावयाची. हें काम सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत नाजूक. खळ पातळ झाली तर सूत मागावर तुटतें. दाट झाली तर तें काडीसारखें मोडतें. तांदूळ किंवा ज्वारीची पेज न घेतां चिंचोकाच कां, याचें उत्तर कारागिरांच्या पिढ्यांनीं अनुभवानें काढलें होतें: चिंचोक्याचा लेप चिवट असतो, सुताला घट्ट धरतो, आणि दुष्काळांत माणसाच्या तोंडचें धान्य त्यासाठीं खर्ची पडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्य दुर्मिळ झालें, तेव्हां देशांतल्या कापडगिरण्यांनीं धान्याच्या खळीऐवजीं चिंचोक्याच्या पिठाकडे मोर्चा वळविला. तोपर्यंत गांवोगांवच्या विणकरानें तें कामीं आणून किती पिढ्या लोटल्या होत्या, याचा विचार त्या गिरण्यांत कोणी केला असेल असें वाटत नाहीं.

या वस्त्राचें वय किती, हें सांगणें मात्र कठीण. शेवगांवपासून गोदावरी ओलांडली कीं पैठण लागतें. प्राचीन काळीं त्या नगराचा माल भडोच बंदराला जात असल्याची नोंद एका ग्रीक दर्यावर्दीच्या ग्रंथांत आहे, आणि पुढें त्याच नगरानें जरीच्या पैठणीला आपलें नांव दिलें. एकाच नदीच्या दोन तीरांवर दोन वस्त्रें वाढलीं: एक दरबाराचें, दुसरें माळाचें. पैठणी जामदारखान्यांत गेली, तिची यादींत नोंद झाली, तिच्यावर पहारा बसला. म्हणून तिच्या जुन्या प्रती आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. घोंगडें अंगावर झिजलें, त्याचें बैठकीचें बसकर झालें, बसकराचा तुकडा बैलाच्या मानेखालीं गेला, आणि शेवटीं जें उरलें तें कसरीनें खाल्लें. गरिबाच्या चांगल्या वस्त्राची ही रीतच आहे, कीं तें पुरतें वापरलें जातें आणि इतिहासकाराच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

जमिनीच्या पोटांतून पुरावा मिळावा, तर तेथेंही लोकरीचा पक्ष दुबळा. शेजारच्या नेवाशाला डॉ. हसमुख सांकळिया यांच्या देखरेखीखालीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें. तेथें एका ताम्रपाषाणयुगीन लहान मुलाच्या दफनांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली, आणि मण्यांतून ओंवलेला धागा तांब्याच्या क्षारांमुळें अंशतः टिकून राहिला होता. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा तो धागा आज आपल्याला माहीत आहे, तो केवळ तांब्याच्या सान्निध्यानें. लोकरीला असा सोबती मिळाला नाहीं. मेंढ्या-शेळ्यांचीं हाडें मात्र दख्खनच्या त्या काळच्या वसाहतींत विपुल मिळतात. त्यांच्या अंगावरची लोकर कोणी कातीत होतें कीं नाहीं, याचें उत्तर हाडें देत नाहींत.

मग उरतो तो देवांचा पुरावा. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा हीं धनगरांचीं दैवतें. यांचा मागोवा घेत जर्मन पंडित गुंथर सोंथायमर हे धनगरांच्या वाड्यांतून आणि यात्रांतून वर्षानुवर्षें हिंडले, आणि त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथांत पंढरीच्या दैवताचीं मुळेंही गवळी-धनगरांच्या लोकधर्मांत दाखविलीं. हा सिद्धांत सर्वांस मान्य आहे असें नाहीं. परंतु खांद्यावर घोंगडें आणि हातांत काठी घेतलेला कृष्ण संतांना परका वाटला नाहीं, आणि कांबळें हें त्यांच्या रूपकांत सहज येऊन बसलें, एवढें तरी निर्विवाद आहे. गांवांत पंच बसत ते घोंगड्यावर. तेव्हां घोंगडें हें केवळ गरिबाचें पांघरूण नव्हतें. त्याला एक प्रतिष्ठा होती, आणि ती त्याच्या टिकाऊपणाशीं बांधलेली होती. ज्या वस्त्रावर बसून दिलेला निवाडा पुढल्या पिढीपर्यंत चालावयाचा, तें वस्त्र दोन पावसांत विरून कसें चालेल?

हा टिकाऊपणा ओळखावा कसा? बाजारांत घोंगडें घेणारा माणूस रंग-रूप पाहून भुलत नसे. घोंगड्याची लांबी हातांनीं मोजीत. पण मोजमाप हें शेवटचें. आधीं तें मुठींत आवळून सोडून पाहावयाचें. चांगली लोकर लगेच उसळून पूर्ववत् होते, कुजकी लोकर सुरकुतलेलीच राहते. मग उन्हाकडे धरून विणीचीं छिद्रें पाहावयाचीं. पाण्याचे चार थेंब टाकून ते किती वेळ मोत्यांसारखे राहतात हें पाहावयाचें. एखादा धागा ओढून पेटवावयाचा. केस जळाल्याचा वास आला तर लोकर, कागद जळाल्याचा आला तर सुताची भेसळ. अलीकडच्या काळांत त्यांत तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे: धागा वितळून काळा मणी झाला कीं तें कृत्रिम सूत. सर्वांत फसवी भेसळ मात्र लोकरीचीच लोकरींत असते. कमावण्यासाठीं चुन्यांत घातलेल्या कातड्यावरून उपटलेली लोकर दिसावयास ठीक असते, पण चुन्याच्या क्षारानें तिचा तंतू आंतून पोखरलेला असतो. ती मिसळलेलें घोंगडें पहिला पावसाळा काढतें आणि दुसऱ्यांत ठिकठिकाणीं विरतें. कोंकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती याच्या उलट टोकाची: मऊ, काळीभोर आणि महाग. जावळाचें घोंगडें बाळंतिणीला आणि म्हाताऱ्याला. रानांतल्या माणसाला राठच बरें, कारण घर्षणाला राठ तंतूच टिकतो.

नवें घोंगडें अंगाला टोंचतें आणि पुठ्ठ्यासारखें ताठ उभें राहतें. तो ताठपणा चिंचोक्याचा. पहिल्या पावसाळ्यांत ही खळ कांहीं अंशीं धुऊन जाते, आणि त्याच वेळीं एक दुसरी क्रिया सुरू होते. भिजणें, अंगाशीं घांसणें, दाबलें जाणें आणि वाळणें यांच्या आवर्तनानें तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकत जातात. घोंगडें किंचित् आटतें, त्याचीं छिद्रें मिटतात, वीण दिसेनाशी होऊन वर नमद्यासारखा एक थर धरतो. म्हणजे खळ देऊन विणकरानें जो बंदोबस्त तात्पुरता केला होता, तो पाऊसच कायमचा करून देतो. म्हणून दोन-तीन पावसाळे खाल्लेलें घोंगडें नव्याहून चांगलें, असें जें जुने धनगर म्हणत, त्यांत हौसेचा भाग थोडा आणि वस्तुस्थितीचा अधिक होता. झीज सुरू होते ती खोळेच्या टोंकाला, जेथें घोंगड्याची घडी डोक्यावर येते, आणि खांद्यावर, जेथें काठी टेंकलेली असते. तेथें ठिगळ बसवून तें चालवीत. क्षार हा लोकरीचा वैरी. म्हणून सोड्यानें किंवा राखेनें घोंगडें कोणी धूत नसे. धुतलेंच तर रिठ्यानें, आणि एरवीं ऊन देऊन झटकलें कीं झालें. कसर लागूं नये म्हणून घडींत कडुनिंबाचा पाला. उन्हानें काळा रंग विटून तपकिरी होतो. पण त्या रंगाच्या उतरणीवरूनच घोंगड्याचें वय सांगतां येई. चांगल्या घोंगड्याचें आयुष्य वर्षांत न मोजतां पावसाळ्यांत मोजीत, आणि दहा-बारा पावसाळे हें कांहीं अप्रुपाचें मानीत नसत.

आतां त्या रबरी पोशाखाकडे वळावें. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखालीं काम करणारे आर्नल्ड कॉलिन्स यांनीं १९३० सालीं हें कृत्रिम रबर प्रथम बनविलें. त्यामागें फादर ज्यूलियस न्यूलँड या धर्मोपदेशक रसायनशास्त्रज्ञाचें अॅसिटिलीन वायूवरचें संशोधन होतें. तेल आणि ऊन यांना नैसर्गिक रबरापेक्षां अधिक दाद न देणारा पदार्थ म्हणून त्याची कीर्ति झाली. पोशाखाची कल्पना मात्र १९५१-५२ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना सुचली. तोंवर पाणबुड्यांचा सारा खटाटोप अंगाला पाणी लागूं न देण्याचा होता. कोठें तरी एक भोंक पडलें कीं सगळें मुसळ केरांत. ब्रॅडनर यांचें म्हणणें असें, कीं माणूस कोरडा राहण्याची गरजच नाहीं. वस्त्राच्या पोटांत वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असले, तर आंत शिरलेलें थोडें पाणी अंगाच्या उष्णतेनें तापतें आणि माणूस भिजूनही ऊबदार राहतो.

शेवगांवच्या माळावर हस्ताच्या पावसांत उभा असलेला धनगर हेंच तत्त्व अंगावर घेऊन उभा होता. फरक आहे तो हवा कोंडण्याच्या पद्धतींत. रबरांतला बुडबुडा चोहोंकडून बंद असतो. लोकरींतली हवा मोकळी असते. म्हणून समुद्रांत बुडी मारावयाला घोंगड्याचा उपयोग नाहीं. तेथें तें दगडासारखें तळाला नेईल. उलट बुडबुड्याला स्वतःचें असें एक मरण आहे. पाण्याखालीं दहा मीटर गेलें कीं दाब दुप्पट होतो आणि बुडबुडा निम्म्यावर येतो. वर आल्यावर तो फुगतो खरा, पण अशा शेंकडों खेपांनंतर कांहीं बुडबुडे कायमचे बसतात, आणि पांच मिलिमीटर जाडीचा म्हणून घेतलेला पोशाख पातळ पडून गार लागूं लागतो. ऊन आणि हवेंतला ओझोन त्याला कडक करतात. पोहण्याच्या तलावांतलें क्लोरीन त्याचा लवचिकपणा हिरावतें. घडी घालून ठेवला तर घडीवर कायमची रेघ उमटते आणि पुढें तेथेंच चीर जाते. घोंगड्याची खोळ आणि रबराची घडी, दोन्हीं एकाच न्यायानें फाटतात. परंतु रबरी पोशाख पहिल्या दिवशीं जितका चांगला असतो तितका पुन्हां कधीं होत नाहीं, आणि घोंगडें मात्र आधीं वाढतें व मग झिजतें. शिवाय फाटलेलें निओप्रीन कुजत नाहीं. मातीला त्याचें काय करावें हें कळत नाहीं.

असें असतां घोंगड्याचा धंदा कां बसला? याचें उत्तर एका वाक्यांत देण्याची घाई पुष्कळांनीं केली आहे: स्वस्त पांघरुणें आलीं. आलीं हें खरेंच. पाणिपतच्या कारखान्यांत जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेलीं कांबळीं, आणि त्यांमागून कृत्रिम धाग्यांचे मऊ, रंगीबेरंगी ब्लँकेट, यांनीं आठवड्याचा बाजार व्यापला. पण त्याहून जुनें कारण सरकारी मोजपट्टींत आहे. इंग्रजी अंमलापासून मेंढी सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत सुधारणा म्हणजे लोकर बारीक करणें, हें गृहीत धरलेलें होतें. परदेशीं मेंढे आणून दख्खनी मेंढ्यांशीं त्यांचा संकर करण्यांत आला. स्वातंत्र्यानंतरही मेरिनोसारख्या जातींचे प्रयोग चालले, आणि याच जिल्ह्यांतील राहुरीच्या कृषि विद्यापीठांतही दख्खनी मेंढीवर संकराचें काम झालें. शास्त्रज्ञांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण मऊ लोकरीचें घोंगडें रानांत टिकत नाहीं. आणि मऊ लोकरीचा सूट शिवावा, तर ती ऑस्ट्रेलियाची बरोबरी करीत नाहीं. जी लोकर ज्या कामाला उत्तम होती, त्या कामाच्या मापानें तिला कोणीं मोजलेंच नाहीं. ती सदैव दुसऱ्याच कुणाच्या लोकरीपेक्षां कमी ठरली.

हातमागाच्या सुधारणेचीही तीच कथा. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं खुद्द अहमदनगर शहरांत सुधारलेला हातमाग तयार केला, आणि त्याचा बराच बोलबाला झाला. तो सुती कापडासाठीं होता. ओबडधोबड लोकरी सुताच्या खड्डा-मागाकडे कोणाची दृष्टि गेली नाहीं, आणि सणगराचा मुलगा बापाच्याच मागावर, बापाच्याच वेगानें विणीत राहिला. मजुरी वाढली तेव्हां त्या वेगाची किंमत त्याला मोजावी लागली.

चरावयाच्या रानांचें काय झालें, हा या हकिगतीचा शेवटचा भाग. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीच्या त्या बांधामागें जो नाथसागर पसरला, त्याचें पाणी शेवगांव आणि नेवासें या तालुक्यांच्या नदीकांठाला शिरलें. गोदेकांठचीं कुरणें आणि गाळपेरीच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या. जेथें पाणी पोंचलें तेथें ऊस उभा राहिला. उसाच्या मुलखांत मेंढराला बसवून खत घेण्याची पद्धत कांहीं दिवस चालली, पण पडीक रान संपलें तसा कळप लहान झाला. मधल्या १९७२ च्या दुष्काळानें कित्येक वाडे आधींच मोडले होते. यावर धनगरांनीं काढलेला तोडगा व्यवहाराचा होता. त्यांनीं सांगली जिल्ह्याच्या जत भागांतली माडग्याळ मेंढी जवळ केली. ती उंच, वजनदार, मांसाला चांगली. लोकर मात्र तिच्या अंगावर नांवापुरतीच. जो धनगर आपल्या लेंकरांच्या शाळेचा खर्च मेंढराच्या मांसावर भागवितो, त्याला दख्खनीच्या काळ्या लोकरीसाठीं तीच पाळ असें सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

जिल्ह्याला २०२४ सालीं ज्यांचें नांव देण्यांत आलें, त्या अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यांतल्या चौंडीच्या, धनगर घराण्यांत १७२५ सालीं जन्मलेल्या. मेंढीपालनासाठीं राज्य सरकारनें काढलेल्या महामंडळालाही त्यांचेंच नांव आहे. म्हसवडसारख्या ठिकाणीं सणगरांचे थोडे माग अजून चालतात. यात्रांत घोंगडीं विकलीं जातात. पाठदुखीवर आणि सांधेदुखीवर गुणकारी म्हणून शहरांतले लोकही तीं अलीकडे मागवूं लागले आहेत. या गिऱ्हाइकाला घोंगडें मऊ हवें, वास नको, आणि तें कधींच भिजावयाचें नाहीं. विणणाऱ्यानेंही त्याप्रमाणें वीण सैल केली, खळ कमी केली, सुतांत कृत्रिम धागा मिसळला, तर त्याला दोष कोणीं द्यावा? पावसाची परीक्षाच जेथें उरली नाहीं, तेथें पावसासाठीं विणण्याचें कौशल्य कोण पोसणार?

इकडे दख्खनी कळप ज्यांनीं अजून राखले आहेत, त्यांना वर्षांतून दोनदां मेंढ्या कातराव्या लागतातच. न कातरल्यास उन्हाळ्यांत जनावर तळमळतें आणि लोकरींत गोचीड होते. कातरणाराची मजुरी लोकरीच्या किंमतीहून अधिक पडते. व्यापारी आला तर ठीक. नाहींतर कातरणी आटोपली, वाडा पुढच्या मुक्कामाला हालला, म्हणजे शेताच्या बांधाशीं काळ्या लोकरीचा ढीग तसाच पडून राहतो. पाऊस पडला कीं तो भिजतो, वरून दबतो, आणि वाळल्यावर हातानें उचलूं गेल्यास त्याचा एकसंध पापुद्रा निघतो, विणल्याशिवायच घट्ट झालेला.